चालतंय ना? मग हात लावू नकोस!

आयटीच्या खोलीत एक अलिखित नियम असतो. चालतंय ना, मग हात लावू नकोस. सिनिअर ज्युनिअरला सांगतो, मॅनेजर सिनिअरला. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण बहुतेक वेळा तो निव्वळ आळस असतो आणि त्याचं बिल तिसराच कोणीतरी भरतो.

अष्टमीत राहून हे जास्त खुपतं. समोर कुंडलिका, पलीकडे रोहा, नदीच्या वरच्या अंगाला धाटावची एमआयडीसी आणि तिथले रसायनांचे कारखाने. आपल्याकडची आयटीआय, डिप्लोमा झालेली पोरं अशाच ठिकाणी कामाला लागतात, आणि त्यातल्याच कोणाच्या तरी हातात नेटवर्क येतं. कारखान्यात काही बिघडलं तर झळ मुंबईच्या हेड ऑफिसला नंतर लागते, आपल्याला आधी.

फायरवॉलमधले झोन समजून घ्यायला आपली खारबंदिस्ती पुरेशी आहे. खाडीच्या बाहेरच्या बांधाला खांड पडली आणि आत दुसरा बांध नसला, तर खारं पाणी एका शेतावर थांबत नाही. झोन म्हणजे हे आतले बांध. हिशेबाचे कॉम्प्युटर एका झोनमध्ये, सीसीटीव्ही दुसऱ्यात, पाहुण्यांचं वायफाय तिसऱ्यात, आणि तापमान-दाब सांभाळणारे पीएलसी या सगळ्यांपासून लांब. मध्ये मोजक्या उघाड्या, आणि कोणती का ठेवली याची नोंद. औद्योगिक यंत्रणांसाठीचं आयईसी ६२४४३ हे आंतरराष्ट्रीय मानकही हेच सांगतं.

आणि खांड आपल्याच जिल्ह्यात पडलेली आहे. २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. कॉम्प्युटर बंद, कंटेनरची कामं हाताने. हल्ला उरणवर नव्हताच. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला, मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला आणि जगभरच्या तिच्या टर्मिनलांपर्यंत पोचला. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

यातला खरा चीड आणणारा भाग पुढे आहे. अँडी ग्रीनबर्ग या पत्रकाराने ‘वायर्ड’मध्ये लिहिलंय की नेटवर्कमध्ये पुरेसे आडबांध नाहीत, हे मर्स्कच्या काही आयटीवाल्यांनी आधीच सांगितलं होतं. सुधारणेला मंजुरी होती, पैसेही होते. फक्त ते काम वरच्या साहेबांच्या कामगिरीच्या मोजमापात धरलं नव्हतं. बोनस त्यावर ठरत नव्हता, म्हणून ते पुढे सरकलं नाही. म्हणजे अडचण ना तंत्रज्ञानाची होती, ना पैशाची.

‘हात लावू नकोस’वाल्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. चालू फायरवॉलवर झोन बदलणं हे नाजूक काम आहे. इंटरफेस एका झोनमधून काढून दुसऱ्यात टाकला की जुन्या झोनच्या नावाने लिहिलेले नियम त्याला लागू होत नाहीत. काही फायरवॉलवर आधीची सेशन्स जुन्या परवानगीवर चालूच राहतात. रात्री सगळं हिरवं दिसतं, आणि सकाळी लोक नव्याने लॉगिन करतात तेव्हा फोन सुरू होतात. ज्या झोनमधून तुम्ही फायरवॉल चालवताय तोच हलवलात तर बसलेली फांदी तोडलीत. शिवाय सगळं एकाच स्विचवर, एकाच सबनेटमध्ये असेल, तर आतला ट्रॅफिक फायरवॉलपर्यंत येतच नाही. आधी व्हीलॅन पाडावे लागतात, पीएलसीचे आयपी बदलावे लागतात. ते दुखतं, हे मान्य.

पण दुखणाऱ्या कामाची पद्धत असते. आधी काही न अडवता फक्त लॉग लावा. कोण कोणाशी बोलतंय ते महिनाभर बघा. महिनाभर यासाठी, की पगार आणि जीएसटीची धावपळ महिन्यातून एकदाच दिसते. मग त्या ‘एनी टू एनी’ नियमाच्या वर एकेक नेमका नियम लिहीत जा. खालच्या नियमावरचे हिट जवळपास संपले आणि उरलेले कशाचे हे कळलं, की त्याला बंद करा. इंटरफेस हलवाल तेव्हा बॅकअप घेतलेला असू द्या, आणि आपोआप मागे फिरण्याची सोय लावा. ज्युनिपरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ दिलं आणि दहा मिनिटांत पुन्हा होकार दिला नाही, तर बॉक्स स्वतःच जुन्या सेटिंगवर येतो. जुनी सेशन्स मुद्दाम तोडा, म्हणजे जे मोडायचं ते तुमच्यासमोर मोडेल. आणि कोणीतरी प्लँटमध्ये उभं असू द्या, फोनवर नको.

उलट टोकाचे वीरही मला नको आहेत. रात्री अकराला येऊन सगळं बदलतात, अडलं की ‘तात्पुरता’ एनी टू एनी टाकून निघून जातात. तो तात्पुरता नियम मग पोरं मोठी होईपर्यंत तिथेच असतो.

रसायनाचा कारखाना शटडाऊनशिवाय चालवायची हिंमत कोणी करत नाही. व्हॉल्व्ह उघडतात, रिअॅक्टर धुतात, पाइपची जाडी मोजतात. उत्पादन बुडतं म्हणून कोणी म्हणत नाही की चालतोय ना व्हॉल्व्ह, हात लावू नकोस. मग त्याच व्हॉल्व्हला हुकूम देणारं नेटवर्क या यादीतून का सुटतं? कारण गंजलेला पाइप डोळ्यांना दिसतो, आणि २०१५ साली कोणी घाईत लिहिलेला नियम दिसत नाही.

तुम्ही अशा ठिकाणी कामाला असाल तर पुढच्या शटडाऊनच्या यादीत एक ओळ घालायला सांगा: फायरवॉल झोन, चार तास, प्लँटचा एक माणूस सोबत. साहेब नाही म्हणाले, तर भांडू नका. तो नकार ईमेलवर मागा.