देखणे, पण भरवशाचे?

खिशात मावणारे पिस्तूल म्हटले की जर्मनीचे वाल्थर पीपीके आठवते. १९६२च्या ‘डॉ. नो’ चित्रपटापासून जेम्स बाँडने ते घराघरांत पोहोचवले. त्याचे गुण खरेच आहेत : आटोपशीर आकार, कपड्यांत न अडकणारी गुळगुळीत ठेवण आणि गोळी भरलेली असतानाही घोडा सुरक्षितपणे खाली आणणारा खटका. उणिवाही तितक्याच खऱ्या. पहिल्या गोळीला चाप जड लागतो, ७.६५ मिलिमीटरच्या गोळीचा मारा बेताचाच आणि पकड चुकली तर मागे सरकणारा भाग अंगठ्याजवळची कातडी सोलतो. मार्च १९७४मध्ये लंडनला राजकन्या ॲन यांच्या अपहरणाचा प्रयत्न झाला. अंगरक्षक जिम बीटन यांच्या पीपीकेतून एक गोळी सुटली, तीही हुकली. मग पिस्तूलच अडकले. बीटन यांनी तीन गोळ्या अंगावर झेलल्या. राजकन्या वाचल्या त्या माणसांच्या धैर्याने, पिस्तुलाने नव्हे!