ठोक्यांमधले अंतर आणि तिसरी पाळी

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला निघालेल्या तरुण कामगारांच्या मनगटावर हल्ली हमखास एक स्मार्ट घड्याळ दिसते. दोन-तीन हजार रुपयांचे हे घड्याळ पावले मोजते, झोप मोजते आणि सकाळी उठल्यावर ‘ताण’ नावाचा एक आकडाही दाखवते. अशोकनगर, श्रमिकनगरच्या चहाच्या टपरीवर या आकड्यांची तुलनाही होते. तुझा किती, माझा किती, इतपत. हा आकडा बहुतेक वेळा येतो तो ‘हार्ट रेट व्हेरिएबिलिटी’ या मापनातून. मराठीत त्याला हृदयगतीतील चढउतार म्हणता येईल. तो गमतीचा विषय नाही आणि भविष्य सांगणारा पोपटही नाही. कामाचे तास वाढवण्याची भाषा सुरू असताना तर त्याच्याकडे नीट पाहायला हवे.

नाडी मिनिटाला ७० म्हटली की दर ठोक्यानंतर बरोबर ८५७ मिलिसेकंदांनी पुढचा ठोका पडत असेल, असे वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. एक ठोका ८२० मिलिसेकंदांनी येतो, पुढचा ८९० नंतर, त्यापुढचा ८५० नंतर. श्वास आत घेताना हृदय किंचित घाईत असते, सोडताना सावकाश होते. निरोगी माणसाचे हृदय घड्याळाच्या लंबकासारखे चालत नाही. ते सतत जुळवून घेत असते. ठोक्यांमधल्या अंतराची ही कमीजास्त होण्याची मुभा म्हणजेच एचआरव्ही.

हे जुळवून घेणे शक्य होते, कारण हृदयाला लगाम आहे आणि टाचही. उजव्या अलिंदातील नैसर्गिक गतिकारकाला कोणीच हात लावला नाही, तर तो मिनिटाला साधारण शंभर ठोके देईल. विश्रांतीत नाडी साठ-सत्तरवर राहते ती मेंदूच्या तळाकडून निघणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूमुळे. तो सतत लगाम ओढून असतो. धोका दिसला, साहेब ओरडला, मशीन अडकले की आधी हा लगाम सैल होतो आणि मग अनुकंपी मज्जासंस्था टाच मारते. व्हेगसचा परिणाम एका ठोक्याच्या आत दिसतो, अनुकंपी मज्जातंतूंना काही सेकंद लागतात. म्हणून ठोक्या-ठोक्यांतला बारीक फरक हा प्रामुख्याने व्हेगसच्या कामाचा आरसा मानला जातो. हा तंतू हृदयाशी रसायनाच्या भाषेत बोलतो, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून दाखवले. त्यासाठी १९३६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

डॉक्टरांचे लक्ष या चढउताराकडे वळले ते प्रसूतिगृहात. पोटातील बाळ संकटात असेल, तर त्याच्या हृदयाची गती बिघडण्याआधी ठोक्यांमधला फरक पुसट होतो, हे साठच्या दशकात अमेरिकेतील हॉन आणि ली यांनी नोंदवले. पुढे १९८७ मध्ये क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ८०८ रुग्णांच्या चोवीस तासांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या ठोक्यांमधला चढउतार सर्वांत कमी होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका सर्वाधिक चढउतार असलेल्यांच्या पाचपटींहून अधिक निघाला. ज्या हृदयाचे ठोके अगदी एकसारखे पडतात, ते हृदय थकलेले असू शकते, हे तेव्हा ठळकपणे समोर आले. मधुमेहातही मज्जातंतूंची झीज पायांच्या बधिरपणाने लक्षात येण्यापूर्वी कधीकधी इथे दिसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. तेव्हा ही माहिती फक्त हृदयरोगतज्ज्ञांच्या कामाची राहत नाही.

पण खरी उत्सुकता वाढवणारी बाब मेंदूची आहे. व्हेगसचा लगाम मेंदूच्या तळाशी असला, तरी त्यावर वरून देखरेख चालते. कपाळामागचा मेंदूचा भाग म्हणजे विचार करणारा, थांबवणारा, ‘जरा दम धर’ म्हणणारा भाग. भीतीची घंटा वाजवणाऱ्या अ‍ॅमिग्डलाला तो काबूत ठेवतो. अमेरिकी संशोधक ज्युलियन थेयर आणि रिचर्ड लेन यांनी २००० मध्ये असे मांडले, की हृदयाला आणि भावनांना आवर घालणारी मेंदूतील यंत्रणा बरीचशी एकच आहे. मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१२ मध्ये थेयर आणि सहकाऱ्यांनी घेतला, तेव्हा एचआरव्हीचा संबंध नेमका या दोन भागांशी जुळताना दिसला. नॉर्वेच्या नौदलातील खलाशांवर २००३ मध्ये एक अभ्यास झाला. विश्रांतीत ज्यांचा चढउतार जास्त होता, त्यांनी लक्ष टिकवण्याच्या आणि माहिती डोक्यात धरून ठेवण्याच्या चाचण्यांत कमी चुका केल्या आणि ते जलदही होते.

पॉवर प्रेसवर किंवा सीएनसी मशीनवर काम करणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सलग चौथ्या रात्री, पहाटे तीन-चारच्या सुमारास, हात सवयीने चालतात आणि डोके मागे राहते. बोटे जातात ती अशाच वेळी. अर्थात, एचआरव्ही कमी म्हणून बोट गेले, असे विज्ञान म्हणत नाही. दोन गोष्टी सोबत दिसतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. वय, व्यायाम, श्वासाचा वेग, तंबाखू, झोप या साऱ्यांचा या मोजमापावर परिणाम होतो. तरीही थकलेले शरीर आणि थकलेले लक्ष एकाच मुळाशी जोडलेले असू शकतात, हा इशारा महत्त्वाचा आहे.

कामाच्या ताणाबाबतचा सर्वांत भक्कम पुरावा लंडनमधून आला, तोही कारखान्यातून नव्हे, सरकारी कचेऱ्यांतून. व्हाइटहॉल अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात १९८५ पासून १०,३०८ कर्मचाऱ्यांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांनी पुन्हा पुन्हा कामाचा ताण नोंदवला त्यांना, विशेषतः पन्नाशीच्या आतल्यांना, हृदयविकाराचा धोका अधिक होता. त्यांचा एचआरव्ही कमी होता आणि सकाळी कॉर्टिसॉलची वाढही जास्त होती. ताणामुळे माणूस व्यायाम सोडतो, वाईट खातो, पोट सुटते, हा मार्ग त्या धोक्याचा साधारण एक तृतीयांश भागच समजावून देत होता. उरलेला परिणाम अन्य वाटांनी होतो आणि मज्जासंस्था ही त्यांतली एक असावी. ‘बिडी सोडा, भाजी खा’ एवढा सल्ला देऊन कंपनीचा दवाखाना मोकळा होऊ शकत नाही, तो यामुळे.

इथे एक शंका रास्त आहे. लंडनचा कारकून आणि सातपूरचा कंत्राटी कामगार यांची तुलना कशी करायची? कारकुनाला रात्रपाळी नव्हती, कानठळ्या नव्हत्या, उद्या गेटवर कार्ड चालेल की नाही ही धास्ती नव्हती. म्हणजे सातपूरचे चित्र अधिक बिकट असण्याचीच शक्यता आहे. रात्री झोपेत व्हेगसची पकड घट्ट होते, हृदयाला खरी विश्रांती तेव्हाच मिळते. शरीरातील दैनंदिन घड्याळावरील संशोधनाला २०१७ चे नोबेल मिळाले. ते घड्याळ पाळीचे वेळापत्रक वाचत नाही. रात्रभर जागून आलेला माणूस दोन खोल्यांच्या घरात, एप्रिलच्या उन्हात, पत्र्याखाली, मुलांच्या आवाजात झोपतो. ती झोप तासांनी कमी भरते आणि खोलीनेही. दर आठवड्याला पाळी बदलली, की घड्याळ जुळते न जुळते तोच पुन्हा मोडते.

अशा वेळी राज्याचे धोरण कुठे चालले आहे? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास आणि तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत आणि कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले गेले. ज्याचे हप्ते सुरू आहेत आणि ज्याची नोकरी ठेकेदाराच्या हाती आहे, त्याच्या संमतीला किती अर्थ, हे सातपूर आणि अंबडमध्ये कोणालाही विचारावे. दुसरीकडे केंद्राने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू केल्या आणि चाळिशीपुढील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी, हे त्यांतले ठळक आश्वासन म्हणून पुढे ठेवले. आश्वासन चांगलेच आहे. पण रक्तदाब, साखर, छातीचा एक्स-रे आणि डोळे तपासून शिक्का मारला, एवढ्यावर ही तपासणी संपली तर बारा तासांच्या पाळीचे शरीरावर काय होते, ते कळणार नाही. शिवाय तिशीतल्या पोरांचे काय? कंत्राटी कामगारांत तेच अधिक दिसतात.

ईसीजीच्या पाच मिनिटांच्या शांत नोंदीतून एचआरव्ही काढता येतो. यंत्र महाग नाही. मोजमापाच्या पद्धतीचे आंतरराष्ट्रीय निकष १९९६ पासून उपलब्ध आहेत. सातपूरला कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे. विद्यापीठ, विमा रुग्णालय आणि कामगार संघटना यांनी मिळून एखादा अभ्यास हाती घ्यावा. काही शे कामगार, दिवसपाळी आणि रात्रपाळी, आठ तास आणि बारा तास, वर्षभर. लंडनच्या कारकुनांवर विसंबून राहण्यापेक्षा ते किती तरी बरे. बारा तासांचा निर्णय शास्त्रावर उभा आहे की केवळ सोयीवर, हेही त्यातून कळेल.

मात्र घड्याळातल्या आकड्याला कोणी डॉक्टर समजू नये. मनगटावरचा प्रकाशाचा सेन्सर हात हलला की चुकतो. झोपेतली नोंद त्यातल्या त्यात भरवशाची. या आकड्याला रक्तदाबासारखी सर्वांना लागू पडणारी सीमारेषा नाही. पन्नाशीतल्या माणसाचा आकडा पंचविशीतल्यापेक्षा कमीच असणार आणि रात्री दारू घेतली असेल तर सकाळी तो आणखी खाली येणार. मित्राशी तुलना म्हणूनच निरर्थक आहे. स्वतःच्याच काही आठवड्यांच्या सरासरीत घसरण दिसते का, एवढेच पाहण्यासारखे. आकडा जास्त म्हणजे चांगलाच, असेही नाही. अलिंदाचे कंपन हा हृदयतालाचा विकार असलेल्या माणसात चढउतार भरपूर दिसतो, आणि तो आजार आहे. काही अ‍ॅप ‘समतोल’ म्हणून एक गुणोत्तर दाखवतात. त्या गुणोत्तराच्या अर्थाबद्दल संशोधकांमध्येच गंभीर आक्षेप आहेत. छातीत दुखते, धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा घड्याळात न पाहता दवाखाना गाठावा.

श्वासाचे मात्र खरे आहे. मिनिटाला सहा श्वास, म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद, या लयीत रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त यंत्रणा आणि श्वास यांची लय जुळते आणि चढउतार ठसठशीत वाढतो. इटलीतील बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ निरोगी लोकांवर दाखवले, की लॅटिन जपमाळ म्हणा किंवा योगातला मंत्र, दोन्हींत श्वास आपोआप सहावर येतो. लोणावळ्यात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि एक्स-रे, रक्तदाब यांच्या मदतीने योगक्रियांची परीक्षा सुरू केली. मंत्र कोणता याच्या वादात न पडता शरीरात काय घडते ते पाहावे, ही परंपरा महाराष्ट्राचीच आहे. जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटे सावकाश श्वास घेणे फुकट आहे आणि बहुतेकांना निर्धोकही.

पण कंपन्यांच्या ‘वेलनेस’ कार्यक्रमांचा एक लबाडपणा इथेच शिरतो. योगदिनाला सतरंज्या अंथरायच्या, प्राणायाम शिकवायचा आणि पाळ्यांचे वेळापत्रक तसेच ठेवायचे. ताण कामगाराच्या नाकपुडीत नसतो, तो कामाच्या रचनेत असतो. पाळी बदलायचीच तर पहिलीवरून दुसरी आणि दुसरीवरून तिसरी, या क्रमाने. उलट क्रम शरीराला जास्त जड जातो. सलग रात्रपाळ्यांना मर्यादा, दोन पाळ्यांमध्ये पुरेसे अंतर, आवाज कमी करणारी आवरणे आणि पुढच्या महिन्याचे वेळापत्रक आधी हातात. यातले काहीच अवघड नाही, थोडे खर्चिक आहे इतकेच.

आणि हा आकडा कोणाचा? उद्या एखाद्या कंपनीने कामगारांना फुकट घड्याळे वाटली आणि रोजची नोंद मनुष्यबळ विभागाच्या संगणकावर जाऊ लागली, तर ‘ताण जास्त’ असलेला कामगार पुढच्या कंत्राटातून गळू शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी, मालकाचे नुकसान टाळण्यासाठीही, संमतीविना माहिती वापरण्याची वाट ठेवलेली आहे. त्या वाटेवर हृदयाचे ठोके जाऊ नयेत, असे नियमात स्पष्ट लिहिले पाहिजे. तपासणीचा निकाल कामगाराला आणि त्याच्या डॉक्टरला मिळावा. व्यवस्थापनाला मिळावी ती फक्त विभागवार, नावाविना सरासरी. कोणत्या शॉपमध्ये, कोणत्या पाळीत आकडे घसरत आहेत, एवढे त्यावरून दिसते, आणि वेळापत्रक बदलायला तेवढे पुरते.