पूर्णाकाठावरून सामुद्रधुनीकडे

समुद्रापासून इतक्या दूर, केदारखेड्याच्या पूर्णाकाठी बसून सामुद्रधुनी पोहून जाणाऱ्यांवर अंक काढणे काहींना विलक्षण वाटेल, परंतु १९६६ मध्ये मिहिर सेन यांनी पाल्कची सामुद्रधुनी पार केली, तेथपासून २०१८ मध्ये पुण्याचे रोहन मोरे न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी, तिचे शीतल जल व दुर्धर प्रवाह यांना न जुमानता, ओलांडून ‘ओशन्स सेव्हन’ ही सात जलमार्गांची मोहीम पुरी करणारे पहिले आशियाई ठरले, तोवरच्या इतिहासात आम्हांस विक्रमांच्या दफ्तरापेक्षा भरती-ओहोटीचा अभ्यास आणि सोबतच्या नावेवरील माणसे (यांची दखल घेतो कोण!) अधिक मोलाची वाटली. आपल्याकडे विहिरीत पोहणे शिकविण्याचा रिवाज मंदावत असताना हा विषय आम्हांस निकडीचा वाटतो. वाचकांनी, विशेषतः भगिनींनी, आपले अनुभव व मतभेदही अवश्य लिहून धाडावेत.