पिस्तुलावरचा डोळा

पोलिसांच्या पिस्तुलावरच छोटा कॅमेरा बसवावा, शस्त्र कमरेवरून उपसताच त्याने चित्रण सुरू करावे, म्हणजे चकमकींतील खरेखोटे आपोआप उघड होईल, ही अमेरिकेत निघालेली कल्पना ऐकताक्षणी पटण्याजोगी आहे. तिची कसोटी बदलापूर प्रकरणावर घेऊन पाहावी.

शाळेतील अत्याचार प्रकरणातील आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी तळोजा कारागृहातून नेला जात असताना मुंब्रा बाह्यवळणाजवळ पोलीस व्हॅनमध्येच गोळी लागून मरण पावला. त्याने अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावले, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असे पोलिसांचे म्हणणे. गोळी झाडली गेली याविषयी वाद नव्हताच. पोलिसांच्या गराड्यातील माणसाच्या हाती पिस्तूल गेले की नाही, हा खरा प्रश्न; आणि गोळी झाडणाऱ्याच्या पिस्तुलावरचा डोळा नेमका त्यानंतर उघडला असता. हिसकावलेल्या पिस्तुलावरही कॅमेरा असता तर थोडा उलगडा झाला असता, हे मान्य करावे लागेल.

तथापि कॅमेऱ्यावाचूनही चौकशी अडली नाही. त्या पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे आढळले नाहीत, आणि व्हॅनमधील पाच पोलीस या मृत्यूस जबाबदार असल्याचा दंडाधिकाऱ्यांचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आला. अडले ते पुढे. गुन्हा नोंदवून विशेष पथकामार्फत तपास करण्याचा आदेश न्यायालयालाच ७ एप्रिल २०२५ रोजी द्यावा लागला. चकमकीतील मृत्यूंची चौकशी कशी व्हावी, याचे दंडक सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजीच, म्हणजे बरोबर दहा वर्षे आधी, घालून दिले होते. तेही महाराष्ट्राच्याच खटल्यात!

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्याला कॅमेऱ्याचा अनुभव नवा नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, झालेल्या गोळीबाराचे चित्रण बघता बघता घरोघर पोहोचले. त्या प्रकरणात अटक झालेले तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी मात्र आपल्या मुलाला आधी धक्काबुक्की झाल्याचे कारण दिले. म्हणजे चित्र डोळ्यांपुढे असूनही वाद त्याच्या आधीच्या क्षणांकडेच गेला. उलट बदलापूरच्या शाळेतील पंधरा दिवसांचे चित्रण सापडत नसल्याचे तत्कालीन शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनाच सांगावे लागले होते.

पोलीस ठाण्यांतील चित्रण आवाजासह अठरा महिने, निदान वर्षभर तरी जपावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. पिस्तुलावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण कोणाच्या ताब्यात राहणार आणि मृताच्या नातेवाईकांना ते किती दिवसांत मिळणार, हे आधी ठरावे. खरेदीची निविदा मग काढता येईल.