नगरवैद्याची दिवाळी

गेल्या मार्गशीर्षांत एका महाविद्यालयाचे विद्यार्थी आमच्या आळींत आले. शहर राहण्याजोगें कसें होईल याचें संशोधन चाललें होतें. प्रश्नांचा कागद आमच्या हातीं आला खरा. पण नळास पाणी किती वाजतां येतें, गटार कोठें तुंबतें, हें आम्हांस कोठें ठाऊक! उत्तरें सूनबाईंनींच दिलीं. मुलें गेल्यावर त्यांनीं विचारलें, "मामंजी, ह्याचें पुढें काय होणार?" वर्ष होत आलें, ना अहवाल, ना विद्यार्थी.

अशा वेळीं आम्हांस पॅट्रिक गेडिस यांची आठवण होते. हे मूळचे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा विभाग निघाला, त्याचे हे पहिले प्राध्यापक, डॉ. घुर्ये त्यांचे शिष्य. परंतु त्यांची शाळा त्यापूर्वींच रस्त्यावर भरली होती. इंदूरच्या होळकर दरबारानें त्यांस नगररचनेकरितां बोलाविलें, तेव्हां शहर प्लेगनें गांजलें होतें. १९१८ सालीं त्यांनीं दरबारास अहवाल दिला. पण लोकांच्या ध्यानांत राहिली ती त्यांची दिवाळी. दरबाराकडून एक दिवसाचें महाराजपण मागून घेऊन त्यांनीं जाहीर केलें कीं, जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील, जेथील घरें नीट डागडुजी केलेलीं असतील, तेथूनच मिरवणूक जाईल. झालें! घरोघर केरकचरा उपसला गेला, भिंतींस सफेती झाली. मिरवणुकींत प्लेगचा भलाथोरला उंदीर होता. झाडूवाले शुभ्र वस्त्रें लेवून, झाडूस फूल बांधून मानानें चालले. (त्या काळच्या आमच्यासारख्या घरांनीं नाकें मुरडलीं असतील, हें कबूल केलें पाहिजे.) शेवटीं तुळशीचीं रोपें वांटलीं.

दाट पेठ दिसली कीं ती पाडून सरळ रस्ता काढावा, हें त्यांस मुळींच मान्य नसे. आधीं गल्लीगल्ली पायीं हिंडावें, झाड, विहीर, देऊळ पाहावें. मग पडकें घर काढून तेवढ्यापुरती मोकळी जागा करावी. ही जपून केलेली शस्त्रक्रिया स्वस्तही पडते, असें ते हिशेबानें दाखवीत.

आमच्या आळीवर रस्तारुंदीची रेघ ओढलेली आहे. तींत अकरा घरांचे ओटे आणि जुनी विहीर जाते. म्हणून आम्हीं महाविद्यालयास पत्र धाडलें आहे: अहवाल कसाही असो, तो घेऊन या व आमच्या ओट्यावर वाचून दाखवा. प्रश्न सूनबाई विचारतील. चहाची व्यवस्था आमच्याकडे.