आयटीकडे वळताना बायोडाट्यात काय हवे, काय नको?

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि आयटीतली नोकरी म्हणजे कायमची भाकरी, हा समज मोडीत निघाला. तरीही चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर राबणारा डिप्लोमाधारक, तासिका तत्त्वावर शिकवणारी बी.एड. झालेली भगिनी आणि स्पर्धा परीक्षेत उमेदीची वर्षे गेलेला पदवीधर आयटीकडेच पाहतो आहे. कायम नोकरी मिळत नसेल तर दुसरा रस्ता कोणता, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. या रस्त्यावरची पहिली चाळणी असते बायोडाट्याची, आणि तिथेच अनेकांची वाट अडते.

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण भेदभाव मुलाखतीच्या आधीच सुरू होतो, हे डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसले. त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले. फरक होता तो नावांचा. दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या अर्जदाराच्या सुमारे दोन तृतीयांश निघाली.

म्हणून आडनाव बदला, असे आम्ही कधीच सांगणार नाही. मात्र बायोडाट्याच्या शेवटी धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती लिहिण्याची जुनी सवय सोडावी. जातीचा दाखला जिथे हक्क मिळवून देतो, तिथे तो ताठ मानेने मांडावा. जिथे तो हक्कच नाही, तिथे पूर्वग्रहाला आयते खाद्य का द्यावे?

त्या जागी लिहावे काय? आपले जुने काम, पण नव्या कामाच्या भाषेत. क्षेत्र बदलणारे बहुतेक जण जुना अनुभव लाजून दोन ओळींत उरकतात आणि क्लासच्या प्रमाणपत्रांची रांग लावतात. हे उलटे आहे. कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करणारा दोष शोधतो, त्याची नोंद ठेवतो, कारण मांडतो. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्येही हेच करायचे असते. शेकडो विद्यार्थ्यांचे गुण एक्सेलमध्ये सांभाळणारी शिक्षिका डेटाचेच काम करत असते. 'शिक्षिका म्हणून काम केले' एवढेच न लिहिता किती विद्यार्थी, कोणती नोंद, कोणते साधन, काय सुधारले, हे आकड्यांसह लिहावे. सोबत स्वतः केलेले दोन-तीन छोटे प्रकल्प गिटहबवर ठेवून त्यांची लिंक द्यावी. अनेक कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळते. म्हणून जाहिरातीतले एसक्यूएल, पायथॉन असे शब्द, खरोखर येत असतील तरच, जसेच्या तसे वापरावेत. मांडणी साधी असावी. रंगीत चौकटी आणि फोटो नकोत.

स्पर्धा परीक्षेची वर्षे लपवू नयेत. ती एका ओळीत स्पष्ट लिहावीत आणि त्यानंतर काय शिकलो, ते लगेच मांडावे. मोकळी जागा पाहणाऱ्याच्या मनात शंका निर्माण करते. खरे कारण ती मिटवते.

याच भीतीचा फायदा घेऊन पैसे उकळून बोगस अनुभवपत्रे देणारे दलाल फिरतात. त्यांच्यापासून सावध राहा. कंपन्या पार्श्वभूमी तपासतात आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीवरून खोटा अनुभव सहज उघडा पडतो. मग कर्ज काढून मिळवलेली नोकरीही जाते आणि नावही.

शेवटचा मुद्दा आयटीत स्थिरावलेल्या आपल्या बांधवांसाठी. अनेक जागा ओळखीच्या शिफारशीने भरल्या जातात. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नोकरदार आहेत, त्यांना ही ओळख जन्मतःच मिळते. पहिल्या पिढीच्या पदवीधराला ती कोण देणार? हिंजवडीत, खराडीत काम करणाऱ्यांनी महिन्यातला एक रविवार विहारात बसून दहा बायोडाटे तपासले आणि पात्र उमेदवाराचे नाव आपल्या कंपनीत पुढे केले, तर त्याचे मोल मोठे आहे. बायोडाटा सुधारणे हे त्या तरुणाचे काम. तो योग्य टेबलापर्यंत पोहोचवणे हे आपले.