रविवारच्या कपड्यांची बाजू

देव मन पाहतो, कपडे पाहत नाही. शरणपूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत कुठल्याही मंडळीत हा विषय निघाला की पहिले वाक्य हेच येते आणि बहुतेक वेळा चर्चाही तिथेच संपते. तरुण मुले हे म्हणतात, शिकलेसवरलेले पालक म्हणतात, हल्ली उपदेशातूनही ऐकू येते : चर्चला नटूनथटून येण्याची गरज नाही, जसे आहात तसे या. मला हे मत मान्य नाही. चर्चला चांगले कपडे घालून यावे, घरात असतील त्यांतले सर्वांत चांगले घालून यावे, असे माझे म्हणणे आहे. आणि दारात उभे राहून कुणी कुणाचे कपडे तपासू नयेत, हेही मी त्याच ठामपणे म्हणतो.

आधी शास्त्राचा आधार पाहू, कारण विरोधकांची सगळी भिस्त त्यावर आहे. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी राजा निवडायला जातो, थोरल्या अलियाबाची उंची आणि रूप पाहून हाच तो असे त्याला वाटते, तेव्हा देव त्याला अडवतो. या प्रसंगात कपड्यांचा उल्लेखही नाही. दिसण्यावरून दुसऱ्या माणसाची लायकी ठरवू नये, एवढाच त्याचा बोध. त्यातून मी अंथरुणातून उठून चुरगळलेल्या टी-शर्टवर प्रभुभोजनाला यावे, हा बोध कुठून काढला? हीच मुले नोकरीच्या मुलाखतीला जाताना आदल्या रात्री शर्टाला इस्त्री करतात. तिथला साहेबही मन पाहणार असतोच की.

दुसरा आधार याकोबाच्या पत्राचा, दुसऱ्या अध्यायाचा. सभेत एक माणूस सोन्याची अंगठी आणि झगझगीत कपडे घालून येतो, दुसरा मळक्या कपड्यांत येतो. पहिल्याला मानाची जागा मिळते, दुसऱ्याला उभे राहा किंवा पायाशी बस असे सांगतात. याकोब चांगलाच संतापला आहे, पण कुणावर? अंगठीवाल्याला तो इथे एक शब्दही बोलत नाही. त्याचा सगळा राग जागा दाखवणाऱ्यावर आहे. हा उतारा वाचून जो तो सजून आलेल्या बाईकडे बोट दाखवतो, बाकावर जागा देणारे पंच मात्र सुटतात.

आता गरिबांचा मुद्दा. सगळे सजून येऊ लागले तर ज्याच्याकडे धड कपडा नाही तो लाजेल आणि यायचे बंद करेल, असे म्हणतात. हा मुद्दा खरा आहे, तो झटकून टाकता येणार नाही. पण तो मांडणारे बहुधा ज्यांची कपाटे भरलेली आहेत तेच असतात, आणि गरिबाला काय हवे हे ते परस्पर ठरवून टाकतात. आपल्या मंडळ्या कुणाच्या आहेत ते आठवा. नाशिक, नगर, जालना या पट्ट्यात ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजातले लोक मोठ्या संख्येने होते. गावगाड्यात त्यांच्या वाट्याला प्रेतावरचे कापड यायचे. नवे कोरे घालून, सोन्याचा मणी मिरवून कुणी गावातून निघाला तर ते सहन केले जात नसे. डिसेंबर १९२७मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना वेगळे सांगितले, तेही याच विषयावर : जात दाखवणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, हातापायांतले जड दागिने टाका, स्वच्छ आणि नीटनेटक्या राहा. कपडा ही वरवरची गोष्ट असती तर सत्याग्रहाच्या धामधुमीत त्यांनी त्यावर वेळ घालवला असता का?

शरणपूरचेही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले आणली गेली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट, जो आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह घेऊन इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत खांदेकऱ्यांत उभा राहिला. ज्याला मालाप्रमाणे विकले जात होते त्याच्या अंगावर स्वतःचे कपडे येणे म्हणजे काय, हे ज्यांना कधी काही कमी पडले नाही त्यांना सांगून कळणार नाही.

नाशिकरोडच्या एका चाळीतली शनिवारची संध्याकाळ मी जवळून पाहिली आहे. तिथल्या एक बाई झाडूकामावर असतात. घरी आल्या की आधी टाचा दगडाने घासतात, मग पांढऱ्या सुती साडीला भाताच्या पेजेची खळ देतात, कुणाला तरी दुसरे टोक धरायला लावून ती ताणतात, आणि रात्री जेवणे झाल्यावर जमिनीवर चादर अंथरून इस्त्री करतात. मुलाच्या शर्टाची कॉलर दोनदा. मी विचारले, एवढे कशाला? त्या म्हणाल्या, “सहा दिवस मला कुणी नावाने हाक मारत नाही. रविवारी मंडळीत मला बाई म्हणतात. मग साडी नको का नीट?” या बाईंना ‘जसे आहात तसे या’ म्हणणे म्हणजे झाडू घेऊन या म्हणण्यासारखे आहे.

काही जणांना यात सोवळ्याचा वास येतो. त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावीत. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्यापायी अख्ख्या घराला कसे छळत, ते त्यांनी लिहून ठेवले आहे. सोवळ्याचा कपडा दुसऱ्याने शिवू नये म्हणून नेसतात. रविवारचा कपडा दुसऱ्याच्या शेजारी बसण्यासाठी, त्याच्याशी हस्तांदोलन करण्यासाठी घालतात. दोन्ही कपडे धुतलेलेच, पण हेतू एकमेकांच्या उलट. आणि हा सगळा साहेबी थाट आहे म्हणणाऱ्यांनी लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक यांच्याकडे पाहावे. १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढताना त्यांनी भगवे वस्त्र घेतले. तेही विचारपूर्वकच घातलेले होते. सूट हवाच असे कोण म्हणते? पैठणी विणणारे येवले आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि धुतलेला सदरा-पायजमा कुठल्याही टायपेक्षा कमी नाही.

इथवर पटले, त्यांतले काही लगेच पुढची उडी मारतात : मग चर्चच्या दारावर फलकच लावू. त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात सोवळे लागते, मुंबईच्या सिद्धिविनायकाने जानेवारी २०२५मध्ये पेहरावाचे नियम जाहीर केले, मग आपणच मागे का? या मंडळींना माझा तितकाच विरोध आहे. ते मत्तयातला लग्नाच्या वस्त्राचा दाखला देतात. त्या दाखल्यात चाकर रस्त्यावर जातात आणि बरेवाईट जे भेटतील त्यांना घेऊन येतात. दारात कुणाला अडवत नाहीत. वस्त्राबद्दल विचारतो तो राजा, एकटा राजा. पंचांनी राजाचे काम अंगावर घेऊ नये. याच नाशिकमध्ये १९३०मध्ये काळाराम मंदिराच्या दारात प्रवेश मागत दलित माणसे उभी होती, अंगावरचे कपडे धुतलेलेच होते, तरी दार उघडले नाही. दारावर नियम लावायची हौस ज्यांना आहे त्यांनी ही गादी कुणाकडून आपल्याकडे आली आहे याचा विचार करावा. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला लाखोंनी माणसे येतात, सर्व धर्मांची, रात्रभराच्या प्रवासात चुरगळलेल्या कपड्यांनी. समोरची मूर्ती राजवस्त्रात, मुकुटात. कुणी कुणाला परत पाठवत नाही.

गरीब लाजतो, हा प्रश्न मात्र मंडळीने सोडवायचाच आहे, आणि तो सजणाऱ्यांना साधे राहा सांगून सुटणार नाही. नाताळच्या कार्यक्रमात शब्बाथ शाळेच्या गरजू मुलांना नाव पुकारून व्यासपीठावर बोलावतात, हातात कपड्यांची पिशवी देतात, फोटो काढतात. ते पोर पुढच्या रविवारी तोच शर्ट घालून येते तेव्हा तो कुठून आला हे अख्ख्या मंडळीला ठाऊक असते. ही पद्धत याच वर्षी बंद करा. दानार्पणातली तेवढी रक्कम नोव्हेंबरातच आईबापांच्या हाती गुपचूप द्या, म्हणजे मेनरोडवर जाऊन ते मुलाला त्याच्या आवडीचा शर्ट स्वतः घेऊन देतील.